माझ्या शब्दावर घेतलेला बैल

बैलाचं तोंड उघडायला जोर लागत नाही. डाव्या हातानं वेसण धरायची, उजव्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत सारायचा, जिथं दात नसतात तिथं, आणि जीभ धरून एका बाजूला ओढायची. मग बैल आपणहून तोंड उघडतो. जो माणूस जोर करतो आणि ओरडतो तो शिकाऊ समजावा. मी मंगरूळच्या गुरांच्या बाजारात हे काम तीसएक वर्षं केलं. त्या काळात माझी दोन बोटं चावली गेली. दोन्ही वेळा चूक माझी होती, बैलाची नव्हती.

ज्यांनी शेती केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलाला जन्मतारीख नसते, दात असतात. गोऱ्ह्याला आधी दुधाचे दात असतात, बारीक आणि पांढरे. तिसऱ्या वर्षाच्या आसपास मधले दोन पडून मोठे दोन येतात. पुढं चार होतात, मग सहा. पाचव्या वर्षाच्या मागंपुढं आठही आले की बैल जुळला असं म्हणतात. तिथून पुढं दातांची संख्या काही सांगत नाही, झीज सांगते. दात आखूड होतात, त्यांच्यात फटी पडतात आणि कडा गोल होतात. दहा वर्षांचा बैल पाच वर्षांचा म्हणून विकायचा असेल तर कानशीनं दात घासणारे लोक होते. शिंगं तासून तेल-काजळ लावणारे होते. मरगळलेल्या बैलाला गुळाच्या पाण्यात काहीबाही पाजून बाजारापुरता तरतरीत करणारे होते. एका पायानं लंगडणाऱ्या बैलाच्या दुसऱ्या खुरात खडा बसवायचे, म्हणजे तो दोन्ही पायांनी सारखाच जपून चालायचा. पाहणाऱ्याला वाटे, बैल मोठा सावकाश स्वभावाचा आहे.

सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि दलाल एका रुमालाखाली हात घालून बोटं दाबायचे, आणि शेजारी उभा असलेल्याला आकडा कळायचा नाही. मी त्या रुमालाखाली कधी हात घातला नाही. माझं काम उघड्यावरचं होतं. तोंड पाहायचं आणि मोठ्यानं सांगायचं, की चार, की सहा, की जुळून दोन वर्षं झाली.

गिऱ्हाईकही नाना तऱ्हेचं. कचेरीतल्या एका कारकुनाला चुलत्याची जमीन मिळाली होती. त्यानं माझ्या सांगण्यावरून बैल घेतला आणि पुढच्या बाजारी रागानं थरथरत परत आला. म्हणाला, या बैलाला वरच्या बाजूला समोर एकही दात नाही, आणि तुम्ही हे माझ्यापासून लपवलंत. मी त्याला बाजारभर फिरवून दहा-बारा बैलांची तोंडं दाखवली. वरचे पुढचे दात देवानं कोणत्याच बैलाला दिलेले नाहीत. त्याचा विश्वास बसला, पण जाताना म्हणाला, "हे आधी सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाही. बाजार खूप हसला. मीही हसलो, आणि माझ्या उत्तराचा मला फार अभिमान वाटला.

हे काम मला इसाहाकबापूंनी शिकवलं. मोठ्या दुष्काळात माझे आईबाप गेले आणि मला मिशनच्या आवारात आणून सोडलं. तिथं शाळा होती. मी तिसरीपर्यंत कसाबसा गेलो. मास्तर पाटीवर लिहायला लावायचे आणि मी खिडकीतून गोठा पाहायचो. बापू आवारातल्या शेतीचे मुकादम आणि मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चच्या समाजाचे, वडील होते. त्यांनी मास्तरांना सांगितलं, हे पोरगं पाटीवर नाही, दावणीवर शिकेल. त्यांनीच मला तोंड उघडायला शिकवलं, त्यांनीच माझं लग्न लावून दिलं. माझ्या पहिल्या लेकराला बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांनीच मांडीवर घेतलं होतं. मला बाप आठवत नाही. कोणी बाप म्हटलं की अजूनही बापूंचाच चेहरा येतो. हे लिखाण माझ्या नातीनं तपासलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ तिचं. शब्द बदलायला लागली तेव्हा मी कागद ओढून घेतला.

बाजारात भांडण झालं की बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घ्यायची रीत होती. आम्हा ख्रिस्ती लोकांनी शपथ वाहायची नाही, अशी प्रभूची आज्ञा. सुरुवातीला लोक हसले. किरिस्ताव शपथेला भितो म्हणजे खोटाच असणार असं म्हणाले. मी हट्टानं शपथ घेतली नाही. पाच-सहा वर्षांत उलटं झालं. आसेगावकडचे, मेडशीकडचे कास्तकार, म्हणजे शेतकरी, आले की आधी विचारायचे, किरिस्तावानं तोंड पाह्यलं का? मी हो म्हटलं की सौदा पुढं जायचा. माझ्या न घेतलेल्या शपथेला बाजारात किंमत आली. हे मी मिरवलं. खोटं कशाला सांगू?

पण त्या बाजारात टिकायचं तर एक नियम मी करून घेतला होता. विचारलं त्याचं खरं उत्तर द्यायचं. न विचारलेलं माझं नाही. दात विचारले तर दात सांगायचे. बैल मारका आहे की तासात, म्हणजे नांगर ओढताना मधेच, बसतो, हे विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं पाहावं. असं नसतं केलं तर व्यापाऱ्यांनी मला दोन महिन्यांत बाजारातून हाकललं असतं. मी स्वतःला सांगायचो, माझ्या तोंडून आजवर एक खोटा शब्द गेला नाही. ते खरंही होतं.

आमच्या आवारात चंद्र्या नावाचा बैल होता. कपाळावर पांढरा ठिपका, सरळ पाठ, चालीला देखणा. त्याला एकच खोड होती. डफडं, ढोल, नगारा, काहीही वाजलं की त्याच्या डोळ्यांत रक्त उतरायचं आणि तो उधळायचा. एका नाताळात आवारातल्या बाया गाडीत बसून गाणी म्हणत निघाल्या होत्या. मागून पोरांनी ढोल धरला आणि चंद्र्यानं गाडी उलटवली. एका बाईच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. आजूबाजूच्या गावांना ही गोष्ट ठाऊक होती, म्हणून चंद्र्याला जवळपास गिऱ्हाईक नव्हतं. आमच्या देवळाचं, म्हणजे चर्चचं, छप्पर गळत होतं आणि पत्रे घ्यायचे होते. बापूंनी चंद्र्याला बाजारात आणलं. स्वतःसाठी नाही, देवळासाठी. हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम लिहितो.

धनसिंग नावाचा बंजारा कास्तकार तो बैल पाहायला थांबला. पोहरादेवीच्या अलीकडच्या एका तांड्यावरचा, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. त्यानं चंद्र्याला चालवून पाहिलं, पाठीवरून हात फिरवला आणि मला हाक मारली. मी तोंड उघडलं. आठ दात, नुकताच जुळलेला. मी तसं सांगितलं.

मग त्यानं बापूंना विचारलं, "खोड?"

बापू म्हणाले, "तुमच्याआमच्यात असते तेवढी."

भोवतीचे लोक हसले. धनसिंग हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही, नुसतं पाहिलं. माझ्या हाताला बैलाची लाळ होती. मी खाली मान घालून ती उपरण्याला पुसत राहिलो. मनात म्हटलं, पाहणं म्हणजे विचारणं नव्हे.

रुमाल पडला, बोटं दाबली गेली, सौदा झाला. चंद्र्याचा कासरा हातात घेताना धनसिंग म्हणाला, "मायी बुडी कवाची म्हणून राह्यली, जत्रेले गाडीनं जाऊ म्हणून. आता हा बैल जुपून नेतो तिले. लेकरंबी येतीन."

पोहरादेवीची यात्रा आठ दिवसांवर आली होती. यात्रेत नगारे वाजतात, हजारो माणसं असतात. हे मला ठाऊक होतं आणि बापूंनाही. बापू उगाच माझ्या उपरण्याची घडी सारखी करू लागले.

पहिले दोन दिवस मी माझ्या नियमाला घट्ट धरून राहिलो. तिसऱ्या दिवशी रविवार होता. बापूंनी मोठी प्रार्थना केली. त्यांचा आवाज चांगला होता. त्या दिवशी मला एक शब्द ऐकू आला नाही. मला गाडी दिसत होती आणि गाडीतली म्हातारी दिसत होती. म्हातारीला मी कधी पाहिलंही नव्हतं.

देऊळ सुटल्यावर मी बापूंना गाठलं आणि म्हटलं, धनसिंगाला निरोप धाडू.

ते म्हणाले, "म्या खोटं बोललो का?"

"नाई."

"तू बोलला का?"

"नाई."

"मंग कायचा निरोप?"

मी म्हटलं, "बापू, त्याची माय बसनार हाय त्या गाडीत."

त्यांनी मला देवळाच्या भिंतीकडे बाजूला घेतलं. मग म्हणाले, तू आता जाऊन सांगितलंस तर तो बाजारभर बोलेल. आजवर लोक म्हणत होते, किरिस्ताव खोटं बोलत नाही. उद्या म्हणतील, हेबी तसेच. एका बैलापायी तू प्रभूचं नाव खाली पाडशील. पोरा, इतक्या वर्षांत आपण काय कमावलं ते आठव.

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटलं. भीतीनं नाही पटलं, अभिमानानं पटलं. माझ्या शब्दाला बाजारात जी किंमत आली होती ती मला हवी होती, आणि तिला प्रभूचं नाव म्हणायला मला बरं वाटत होतं. असे मी आणखी दोन दिवस घालवले. त्या दोन दिवसांची लाज मला आजही वाटते. बाजारातल्या गप्प बसण्याला एक क्षण पुरला होता. हे दोन दिवस मी विचार करून गप्प बसलो होतो.

माझी बायको रूथ फार बोलणारी नव्हती. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, जेवण काहून जाऊन नाही राह्यलं? मी सगळं सांगितलं. शेवटी माझं नेहमीचं सांगितलं, की मी खोटं बोललो नाही.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "हे तुमी देवाले सांगान. धनसिंगाच्या लेकरायले काय सांगान?"

मी दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. दिवसभर चालून मानोऱ्याला मुक्काम केला आणि उजाडताच पुढची वाट धरली. वाटेत यात्रेच्या गाड्या लागत होत्या. प्रत्येक गाडीच्या जोडीत मी पांढरा ठिपका शोधत होतो. तांड्यावर पोचलो तेव्हा धनसिंगाच्या दारात गाडी उभी होती. तट्ट्या बांधलेल्या होत्या, आत गोधडी अंथरलेली होती. म्हातारी आधीच आत बसली होती, दोन लेकरं तिच्या अंगावर रेलली होती, आणि धनसिंग चंद्र्याला जुवाखाली आणत होता.

मी म्हटलं, "जुपू नको. हा बैल नगारा ऐकला की उधळते."

तो थांबला. चंद्र्याच्या शिंगावरचा हात तसाच ठेवून म्हणाला, "तुले कवापासून माहीत?"

"तो लहान होता तवापासून."

"बाजारात माहीत होतं?"

"होतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

त्या कारकुनाला दिलेलं उत्तर माझ्या जिभेवर आलं. ते मला इतकं घाण लागलं की मी थुंकलो. म्हटलं, मी तेव्हाच सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही. आमच्या बापूंचा बैल होता, देवळाचे पत्रे होते, माझं नाव होतं. यातलं तुझं काही नव्हतं, म्हणून तुझा विचार केला नाही.

धनसिंगानं म्हातारीला आणि लेकरांना उतरवलं. चंद्र्याला लिंबाच्या झाडाला बांधलं आणि तांड्यातून एक नगारा मागवला. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास उरला नव्हता आणि ते बरोबरच होतं. पहिल्या टिपरीला चंद्र्याचे कान ताठ झाले. तिसऱ्या टिपरीला त्यानं कासरा तोडला, रिकाम्या गाडीला धडकून जू मोडलं आणि नाल्याच्या दिशेनं पळाला. चार माणसांनी धावून त्याला धरून आणलं. गोधडी धुळीत पडली होती. म्हातारी ती उचलून झटकत होती. मग तिनंच एका पोरीला सांगून मला पाणी दिलं.

मी धनसिंगाला म्हटलं, बैल मी परत नेतो. बापूंनी नाही घेतला तर मी घेईन.

तो म्हणाला, "नेऊ नको. बैल चांगला हाय. वावरात कोन नगारा वाजोते? हे बाजारात सांगतलं असतं, तरी म्या हाच घेतला असता. बैलाची खोड म्या सांभाळीन." मग मोडलेलं जू उचलून म्हणाला, "पण तुया शब्दावर आता म्या काही घेनार नाही."

तो रागावून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हातारीला शेजाऱ्याच्या गाडीत बसवायला निघून गेला. मी परत फिरलो. परतीची वाट मला दुप्पट वाटली. कोणाचा जीव गेला नव्हता, हाड मोडलं नव्हतं, मी वेळेवर पोचलो होतो. तरी कोणीतरी अंगावरचा कपडा काढून घेतल्यासारखं वाटत होतं.

बापूंना मी जाऊन सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "झालं तुया मनासारखं." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मला मंडळीत कोणी प्रार्थना करायला सांगितलं नाही, तीन-चार वर्षं. देवळावर नवे पत्रे आले आणि पावसात त्यांचा आवाज फार मोठा व्हायचा. बापू आजारी पडले तेव्हा मी रोज दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. आत न जाण्यात मी हट्टी होतो आणि न बोलावण्यात ते. ते गेले तेव्हा शवपेटी उचलणाऱ्यांत मी पुढं होतो. त्याचा काही उपयोग नव्हता. मी चुकीचं केलं असं मला वाटत नाही. पण मी आत जायला हवं होतं. धनसिंगाला जे सांगायला मी दोन दिवस चाललो, ते बापूंच्या खाटेपाशी बसून सांगायला मला वीस पावलं होती. त्यांनी मला दात पाहायला शिकवले, यासाठी मी त्यांचे उपकार मानतो, एवढं तरी.

बाजारात मी नियम मोडला. तोंड पाहिलं की दात सांगायचो, आणि मला ठाऊक असलेलं बाकीचंही न विचारता मोठ्यानं सांगायचो. व्यापाऱ्यांनी आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, मग माझं बसायचं झाड दुसऱ्याला दिलं. मला वाटलं होतं कास्तकार तरी खूश होतील. एकाला मी सांगितलं की हा बैल तासात बसतो. तो माझा दंड धरून बाजूला घेऊन गेला आणि म्हणाला, "मले माहीत हाय ना बाप्पा. तू कायले बोंबलून राह्यला? आता पुढच्या बाजारी म्या हा कोनाले इकू?" खरं ऐकायला लोक उत्सुक असतात असं पाद्री सांगतात. त्यांनी एकदा गुरांच्या बाजारात बसून पाहावं.

काम कमी झालं. पुढं पुढं आठवड्याला दोन-तीन तोंडं पाहायला मिळायची. रूथनं दोन शेळ्या घेतल्या, त्यावर घर चाललं. ती मला कधी टोचून बोलली नाही, आणि मी तिच्यामुळंच तांड्यावर गेलो होतो हे मी कधी तिला म्हटलं नाही. ते म्हणायला हवं होतं. आता इथं लिहितो.

धनसिंग दर वर्षी बाजारात यायचा. मला पाहून मान हलवायचा, पण तोंड दुसऱ्याकडून पाहून घ्यायचा. एकदा त्यानं घासलेल्या दातांचा बैल जवळजवळ घेतला होता. मी आडवा जाऊन सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, बैल सोडून दिला, आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता पुढं गेला. असं आठ-नऊ वर्षं चाललं.

मग एका बाजारी तो माझ्या जागेपाशी आला. डोक्याचे केस पांढरे झाले होते. म्हणाला, चल. मी गेलो. एका लाल बैलापाशी थांबून त्यानं स्वतःच वेसण धरली, अंगठा घातला, जोर केला. बैलानं डोकं झटकलं. दुसऱ्यांदा जमलं. त्यानं आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "सहा."

मी म्हटलं, "आठ. कडेचे दोन आताच निघाले, हिरडीत हायेत. बोट फिरव."

त्यानं बोट फिरवलं. बोट धोतराला पुसत विचारलं, "म्या तुले इचारलं होतं काय?"

"नाई."

"मंग ठीक हाय," असं म्हणून तो तिथंच बैलाच्या सावलीत खाली बसला, आणि मला म्हणाला, "आता बाकीचं सांग."